वाटणीमावशी

कौतुक करायचं म्हटलं की माझ्या कपाळावर आठ्या पडतात. आमच्या संस्थेत निवृत्त होणारा प्रत्येक माणूस निरोपाच्या भाषणात मनमिळाऊ आणि कर्तव्यदक्ष असतो. नोकरीत असताना त्याच्याशी कुणी धड बोललेलं नसतं. त्यामुळे मावशींबद्दल लिहायला बसले तेव्हा आधी स्वतःलाच दम दिला, की बाई गं, साखर कमी घाल. पण या बाईंच्या बाबतीत हात आखडता घेतला तर ते खोटं होईल. आणि त्यांच्याबद्दल एकदा माझ्याकडून खोटं बोलून झालेलं आहे, तेही अकरा माणसांच्या देखत. ते सांगायचंच आहे. पण आधी त्या कोण, ते सांगते.

आमची संस्था झाडांवर संशोधन करते. मुख्य इमारतीच्या मागे एक लांबट काचघर आहे, आत लोखंडी टेबलांच्या चार रांगा, छताला कुरकुरणारे पंखे आणि दाराशी हात धुवायचं बेसिन. मावशी तिथल्या मदतनीस. तिथे झाडूकामाला आणखी एक मावशी होत्या, म्हणून घोळ नको या हिशेबाने कुणीतरी यांना 'वाटणीमावशी' म्हणायला लागलं. नाव फिट्ट बसलं, कारण त्या रोपांच्या मुळांच्या वाटण्या करायच्या.

वाटण्या कशाला, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ओकच्या झाडाच्या मुळांवर एक बुरशी वाढते. बुरशी म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण ही पावावरची नव्हे. ही मुळांच्या टोकांवर मोजा चढवावा तशी बसते. तिचे धागे मातीत लांबवर जातात, तिथून पाणी आणि क्षार आणून झाडाला देतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. दोघांचं बरं चाललेलं असतं. मुळांच्या एका बाजूची माती सुकली तर त्या बाजूच्या बुरशीचं काय होतं, हा माझ्या प्रबंधाचा प्रश्न होता. आता एक रोप कोरडं ठेवायचं आणि दुसरं ओलं, असं करून चालत नाही. रोपारोपांत फरक असतो. एखादं मुळातच धट्टंकट्टं, एखादं जन्माचं रडतराऊ. म्हणून एकाच रोपाच्या मुळांचे दोन भाग करायचे, एक भाग एका कुंडीत आणि दुसरा तिला चिकटलेल्या दुसऱ्या कुंडीत, खोड मधल्या भिंतीवर. मग एका कुंडीला पाणी द्यायचं, दुसरीला नाही. रोप तेच, बुरशी तीच, फरक फक्त पाण्याचा.

कागदावर हे अगदी सोपं दिसतं. मी पहिल्या महिन्यात वीस रोपांच्या वाटण्या केल्या आणि त्यातली सतरा मेली. उरलेली तीन का जगली ते मला आजही माहीत नाही. मी चिडून बेसिनपाशी उभी होते, तेव्हा मागून आवाज आला.

"होणाऱ्या डॉक्टरीणबाई, रोपाला मारायचंच असेल तर एवढा खटाटोप कशाला? सरळ उपटून फेक की."

मी काहीतरी फणकारून बोलले. मावशींनी तिकडे लक्षही दिलं नाही. त्यांनी एक पसरट परात घेतली, तीत कोमट पाणी ओतलं आणि ट्रेमधलं एक रोप मातीसकट त्यात अलगद ठेवलं. मी माती झटकायचे. त्या मातीला आपणहून सुटायला वेळ द्यायच्या. माती तळाशी बसली की मुळं पाण्यात पसरायची, आणि मग त्या जिभेचं टोक दातांत धरून दोन बोटांनी ती सोडवायला लागायच्या. एकही मूळ ओढायच्या नाहीत. गुंता आला की बोटं थांबायची, पाणीच थोडं हलवायच्या आणि गुंता सैल पडायचा. आमच्या संस्थेत यायच्या आधी त्या स्वेटरच्या कारखान्यात होत्या, जुने स्वेटर उसवून लोकर सुटी करण्याच्या कामावर. सहा वर्षं त्यांनी नुसत्या गाठी सोडवल्या होत्या.

"हे थोरल्याचं, हे धाकट्याचं," असं पुटपुटत त्या मुळं दोन बाजूंना करायच्या. "हे जाड आहे, तर याच्या बदल्यात धाकट्याला दोन बारीक. नाहीतर उद्या भांडतील मेले."

ओकचं बी रुजलं की आधी एकच सोटमूळ सरळ खाली जातं. ते बोटभर झालं की त्याचं टोक पात्याने उडवायचं, म्हणजे बाजूची मुळं फुटतात आणि वाटणी करायला काही हाती लागतं. हा छाट कुठे द्यायचा ते आम्ही पट्टीने मोजत होतो. मावशी मोजत नसत. रोपाकडे बघून म्हणायच्या, "याला अजून चार दिवस दे," आणि तसंच निघायचं. वाटणी झाल्यावर खोड ज्या भिंतीवर टेकायचं तिथे ते घासून सोलपटायचं, आणि बरीच रोपं त्यानेच जायची. त्यावरचा इलाजही त्यांचाच. त्यांच्या यजमानांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. तिथून जुन्या ट्यूबच्या पट्ट्या आणून त्यांनी प्रत्येक भिंतीवर खोगीर घातल्यासारखी एकेक पट्टी चढवली. त्यानंतर खोड घासल्याने एकही रोप गेलं नाही.

आमचे सर संशयी स्वभावाचे. संशोधकाने तसंच असावं, असं ते म्हणायचे. मावशींची वाटणी खरोखर समसमान असते का, हे बघायला त्यांनी सहा रोपं मोडली आणि दोन्हीकडची मुळं वाळवून काट्यावर ठेवली. सहातल्या पाचांत फरक इतका किरकोळ होता की सरांनी काटाच तपासायला पाठवला. काटा बरोबर होता. मावशींना हे सांगितलं तर म्हणाल्या, "आणि सहावं?" सहावं मी केलेलं होतं.

माझ्या प्रबंधासाठी त्यांनी चाळीस रोपांच्या वाटण्या केल्या. त्यातलं एक रोप लगेच मेलं. दुसऱ्या एकाची एका बाजूची मुळं आठवडाभरातच कुजून गेली, तो तेवीस नंबर. त्याची सगळी मुळं आता एकाच कुंडीत होती, शेजारच्या कुंडीत नुसती माती. प्रयोगाच्या दृष्टीने बाद. मी वहीत त्याच्यावर काट मारली. मावशींना काहीही फेकवत नसे, म्हणून त्यांनी तो टेबलाच्या टोकाला तसाच राहू दिला आणि त्याच्या मुळांच्या कुंडीला पाणी देत राहिल्या. कामाचा म्हणून नव्हे, सवयीने.

बाकीची अडतीस रोपं अशी तरारली की बघायला शेजारच्या विभागातली माणसं यायला लागली. चार महिन्यांची झाल्यावर मी प्रत्येकाची एक कुंडी कोरडी ठेवायला सुरुवात केली. त्या दिवशी मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अर्ध्याला उपाशी ठेवायचं नि अर्ध्याला पोटभर वाढायचं. असली कसली आई गं तू?" सगळे हसले. मीही हसले. हे वाक्य पुढे त्यांच्याच अंगाशी येणार होतं.

कोरड्या कुंड्यांतला ओलावा मी रोज दुपारी तीनला मोजायचे, दोन दातांचा खिळा मातीत खुपसून. आकडे कसे छान उतरत होते. तीन आठवड्यांनी माझी दाढ दुखायला लागली. दुपारची वेळ दातांच्या डॉक्टरांची मिळाली म्हणून त्या दिवशी मी सकाळी सातलाच मोजमाप करून घ्यायला आले, गालाला रुमाल लावून. मावशी रोज सहाला काचघर उघडायच्या. त्या पलीकडे कुंड्या धूत होत्या. मी पहिल्या कोरड्या कुंडीत खिळा घातला आणि आकडा बघून मला वाटलं, खिळा बिघडलाय. पुसून परत घातला. दुसऱ्या कुंडीत घातला, तिसऱ्या. अडतीसच्या अडतीस कुंड्यांत आदल्या दुपारपेक्षा ओल जास्त होती. फार नाही, पण जास्त. मग मी कुंड्यांच्या अंगाला बसवलेल्या काचेतून भिंग लावून बघितलं. जी बुरशी एव्हाना वाळून मरायला हवी होती, तिचे धागे पांढरेशुभ्र आणि टवटवीत होते.

माती कोरडी होते. आपोआप ओली होत नाही. किल्ली एकट्या मावशींकडे. सकाळी सहा ते नऊ काचघरात त्या एकट्या. आणि रोपांची दया कुणाला आली होती, ते सगळ्यांनी कानांनी ऐकलं होतं. दोन अधिक दोन चार करायला मला दाढदुखीतही वेळ लागला नाही.

मी त्यांना विचारायला हवं होतं. दहा पावलांवर होत्या. "मावशी, यांना पाणी घातलंत का?" एवढं अर्ध्या मिनिटाचं काम. ते न करता मी थेट सरांकडे गेले, आणि वर सोमवारच्या बैठकीत सगळ्यांसमोर उभी राहून म्हणाले, "मावशींनी कोरड्या बाजूला पाणी घातलंय. दुसरं कुणी असूच शकत नाही. माझे तीन आठवडे वाया गेले."

बैठकीला आम्ही अकराजण टेबलाभोवती होतो. मदतनीस मंडळी मागच्या बाकावर बसत. मावशी त्यांच्यात होत्या. त्या उभ्या राहिल्या.

"मी नाही घातलं."

सरांनी चष्मा काढला. त्यांचा आवाज मऊ झाला, आणि तो मऊ झाला की समजावं, निकाल लागलेला आहे. "मावशी, दया आली असेल. मी समजू शकतो. कबूल केलंत तर विषय इथेच संपला."

"दया आली होती. पाणी घातलं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, सर."

"मग ओल आली कुठून?"

"ते मला माहीत नाही. पण माझ्या हातून नाही आली."

कुणीतरी खुदकन हसलं. दुपारी आदेश निघाला: एक तारखेपासून मावशींची बदली बियांच्या कोठारात, कारण 'प्रयोगात हस्तक्षेप'. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. एक तारखेला साडेतीन आठवडे होते. तीस वर्षांच्या नोकरीच्या नोंदीत शेवटची ओळ ही राहणार होती.

दुसऱ्या दिवशी मी काचघरात गेले तर मावशी म्हणाल्या, "या मॅडम. कुठली कुंडी देऊ आपल्याला?" दोन वर्षं मी त्यांच्याकडून 'अगं' ऐकत होते. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कामात मात्र तसूभर फरक नाही. परातीतलं पाणी तितकंच कोमट, खोडाखालची पट्टी तितकीच नीट. मला त्याचाच राग यायचा. अपराधी माणसाने जरा अपराध्यासारखं वागावं, असं मला वाटत होतं. आता वाटतं, तसं एकजण वागत होतंच, फक्त ती बाई मी होते.

त्याच आठवड्यात मला ट्यूबच्या पट्ट्या हव्या होत्या. मावशींना सांगायची सोय उरली नव्हती, म्हणून मीच त्यांच्या यजमानांच्या दुकानात गेले. गृहस्थ एका चाकाशी झटत बसले होते. मी संस्थेतून आलेय म्हटल्यावर त्यांनी मान वर केली.

"दाढ दुखणाऱ्या त्या तुम्हीच का?"

मी हो म्हटलं.

"तीन दिवस भाजीत मीठ नाही. विचारलं तर म्हणते, मोजून घातलंय. तीस वर्षांत मी त्या बाईला मोजताना पाहिलं नाही." त्यांनी कात्रीने पट्ट्या कापायला घेतल्या. "मुलगी म्हणाली, आई, जाऊ दे, आठ महिने तर राहिलेत, कोठारात बसून काढ. सावली आहे, खुर्ची आहे. तर म्हणते, कोठारात जायला माझी ना नाही, पण खोटारडी म्हणून जाणार नाही. कर नाही त्याला डर कशाला, हे मी म्हणालो. तर मलाच ओरडली. म्हणे, डर नाही वाटत, लाज वाटतेय, न केलेल्या गोष्टीची." पट्ट्या माझ्या हातात देताना त्यांनी पुन्हा एकदा माझ्याकडे नीट बघितलं. "घातलं असतं तर तिनं सांगितलं असतं हो. घरात कप फुटला तरी स्वतः येऊन सांगते, आणि वर मलाच ओरडते, की कप काठावर कुणी ठेवला."

मी परत येताना स्वतःशी बरीच भांडले. पण आकडे होते ना माझ्याकडे. आकड्यांपुढे सायकलवाल्याचं कोण ऐकतं?

पुढच्या बुधवारी सकाळी मावशींनी मला बोलावलं. मी हल्ली सातलाच यायचे, खरं सांगायचं तर पहारा करायला. टेबलाच्या टोकाशी त्या उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात रोपांवर नंबर लावायच्या लाकडी काड्या होत्या.

"मॅडम, जरा तेवीस नंबर बघता का?"

"तो बाद आहे."

"तुमच्या वहीत बाद आहे. कुंडीत आहेच की. त्याच्या मोकळ्या कुंडीत खिळा घाला."

मी घातला. माती ठणठणीत कोरडी होती. शेजारच्या चोवीसमध्ये घातला. तिथे रोजच्यासारखी सकाळची ओल होती.

"आता मला सांगा," मावशी म्हणाल्या, "मी दयाळू बाई. सगळ्यांना पाणी घालत सुटले. मग तेविसाव्यानं माझं काय घोडं मारलंय? मला काय ठाऊक, त्याला तिथे मुळं नाहीत ते? वरून सगळ्या कुंड्या सारख्याच दिसतात."

त्यांना ठाऊक होतंच. पण मुद्दा माझ्या लक्षात यायला लागला होता आणि मला तो येऊ द्यायचा नव्हता. त्यांनी एक कोरडी काडी चोविसाच्या मातीत वरवर टोचली, बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवली. कोरडी. दुसरी काडी बोटभर खोल घातली, जिथे मुळं होती. तिचं टोक काळपट ओलं निघालं.

"पाणी मी वरून घातलं असतं तर आधी वर ओल हवी. वर पापुद्रा धरलाय बघा, महिनाभराचा. ओल आहे ती फक्त मुळांभोवती. कुंडीच्या कोपऱ्यात नाही, तळाशी नाही. असं पाणी घालायला मला सुई घेऊन बसावं लागेल." त्यांनी काड्या खिशात टाकल्या. "सर विचारत होते, ओल आली कुठून. मला वाटतं ती मुळांतूनच येते. कशी येते ते तुम्ही शोधा, शिकलेल्या आहात."

मी म्हणाले, सरांना सांगते. मावशींनी हाताने थांबवलं.

"अजून नको. सर म्हणतील, बाईनं काड्या भिजवून आणल्या. आधी पक्कं करू."

पक्कं कसं करायचं तेही त्यांनीच ठरवून ठेवलं होतं. दुकानातून त्यांनी पंक्चरचं सोल्यूशन आणि ट्यूबची ठिगळं आणली होती. अडतीस कोरड्या कुंड्यांच्या तोंडावर आम्ही जाड प्लॅस्टिक ताणून बसवलं आणि खोडाभोवती फटसुद्धा राहू नये म्हणून ठिगळं चिकटवली. प्रत्येक कुंडीत एकेक खिळा आधीच खुपसून त्याच्या तारा बाहेर ठेवल्या. सोल्यूशनच्या वासाने डोकं दुखायला लागलं. एकोणतिसाव्या रोपाचं खोड माझ्या हातून निसटलं आणि मावशी ओरडल्या, "अगं ए, नीट धर की! मोडशील त्याला!" मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्यांनी पुढचं ठिगळ उचललं. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. सोल्यूशनचा वास उग्र होता, ते कारण मला आयतंच मिळालं.

काचघराची किल्ली मावशींनी स्वतःहून पहारेकऱ्याच्या ताब्यात दिली. चार दिवस ते कुलूप तो उघडायचा, आणि आम्ही दोघी त्याच्याच देखत आत जायचो. रोज दुपारी आकडे खाली, रोज सकाळी आकडे वर. प्लॅस्टिकवर थेंबभर पाणी ठेवलं असतं तर ते तिथेच राहिलं असतं, इतकं ते घट्ट होतं. आणि तेवीस नंबर चारही दिवस कोरडाच.

पाचव्या दिवशी मी वही घेऊन सरांसमोर बसले. त्यांनी आकडे वाचले, पुन्हा वाचले, आणि उठून काचघराकडे चालायला लागले, ओळखपत्र टेबलावरच विसरून. तेविसासमोर ते बराच वेळ वाकून उभे होते. मग म्हणाले, "मोठ्या झाडांत हे होतं असं मी वाचलंय. एवढ्याशा रोपात होईल, हे मनातच आलं नाही." दिवसा पानं पाणी वर खेचतात. अंधार पडला की पानांची छिद्रं मिटतात, खेच थांबते. मग ओल्या बाजूच्या मुळांनी घेतलेलं पाणी खोडाच्या बुंध्यातून कोरड्या बाजूच्या मुळांत उतरतं आणि तिथल्या तहानलेल्या मातीत झिरपतं. त्या ओलीवर बुरशी तगून राहते. सर खरे संशयी. त्यांनी तेवढ्यावर भागवलं नाही. अर्ध्या रोपांवर त्यांनी रात्रभर दिवे चालू ठेवायला लावले, म्हणजे पानांची छिद्रं मिटणारच नाहीत. दिव्याखालच्या रोपांच्या कोरड्या कुंड्या सकाळी कोरड्याच राहिल्या. अंधारातल्या ओल्या होत्या. त्या सकाळी सर काचघरात लहान मुलासारखे एका टेबलाकडून दुसऱ्या टेबलाकडे फिरत होते.

मावशींना मी हे सगळं समजावून सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि मग हसल्या, बऱ्याच दिवसांनी. "म्हणजे थोरला धाकट्याला रात्रीचं गुपचूप पाठवत होता तर! वाटणी झाली म्हणून काय झालं?" माझा प्रबंध पुढे या एका गोष्टीवर उभा राहिला. मला पदवी मिळाली ती याच्याच जोरावर, हे मी कधी लपवलेलं नाही.

एक तारखेला तीन दिवस उरले असताना सर स्वतः बदली रद्द झाल्याचं पत्र घेऊन काचघरात आले. मी मागे होते. मला वाटत होतं, आता सगळं गोड होणार. मावशींनी हात पुसले, चष्मा लावला, पत्र सावकाश वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं.

"तीस वर्षांचा माझा शब्द पुरला नाही," त्या म्हणाल्या. "पाच महिन्यांच्या रोपाचा पुरला."

त्या रागावून बोलल्या नाहीत, म्हणूनच ते फार लागलं. सर आपल्या बुटांकडे बघायला लागले. मी काहीतरी पुटपुटले, मावशी, माझं चुकलं, मला माफ करा, असलं काहीतरी. त्यांनी मला थांबवलं.

"हे तू मला इथे सांगतेयस, कुंड्यांना ऐकू येईल असं. आणि पत्र माझ्या खिशात राहणार. मला खोटारडी म्हटलं ते बैठकीत. अकराजण टेबलाला होते, मागे बाकावर आमची माणसं होती. त्यातलं एकजण हसलंही होतं. त्यांना कुणी सांगायचं?"

सर म्हणाले, "मी सांगतो."

"तुम्ही नको, सर. जिनं म्हटलं तिनं सांगायचं."

पुढचा रविवार मी सोमवारच्या बैठकीसाठी चार ओळी लिहिण्यात घालवला. पहिल्या कागदावर लिहिलं, 'काही गैरसमज झाला होता.' कुणाचा झाला, कसा झाला, काही नाही. जणू गैरसमज आपणहून रस्त्याने चालत आला होता. सरांना फोन केला तर ते म्हणाले, 'तांत्रिक कारणामुळे' असं घाला, बरं दिसेल. मी ते घातलं आणि वाचून बघितलं. मावशींनी परातीतलं एकही मूळ कधी ओढलं नव्हतं, आणि मी एका सरळ वाक्याच्या चिंध्या करत बसले होते. मला स्वतःची किळस आली. तो कागद फाडला. शेवटी उरलं ते असं: मावशींनी पाणी घातलं, असं मी म्हणाले होते. ते खोटं होतं. मी त्यांना विचारलं नाही आणि तपासलंही नाही. चूक माझी आहे.

सोमवारी टेबलाभोवती तीच माणसं होती. मागच्या बाकावर मावशी मधोमध बसल्या होत्या, इस्त्रीची साडी नेसून, हात मांडीवर. सरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी उभी राहिले. कागद तोंडासमोर धरून मी चारही ओळी एका दमात वाचल्या, इतक्या भराभर की माझ्या शेजारच्यालाही त्या धड कळल्या नसाव्यात, आणि खाली बसायला लागले.

"थांब जरा," मागून मावशींचा आवाज आला. "बाकावरच्यांना ऐकू नाही आलं. परत वाच."

मी पुन्हा सरळ उभी राहिले, बाकाकडे तोंड केलं, आणि पहिल्या शब्दापासून, या वेळी मोठ्याने, वाचायला सुरुवात केली.